बिलालची गाडी आणि लाल आकडा

आमच्या तेलुक पुलाई गावात रोजा सुटतो तो पाक योपच्या आवाजावर. टीव्हीवरची अजान राजधानीची. ती आमच्यापेक्षा तीन मिनिटं आधी होते, आणि तिच्यावर भरवसा ठेवून जो घास तोंडात टाकतो त्याचा दिवसभराचा उपास वाया जातो. म्हणून टीव्ही कितीही बोलला तरी आमची माणसं हातात खजूर धरून खिडकीकडे कान लावून बसतात. नदीवरचा वारा पडलेला असतो. चुलीवरची भांडी उतरलेली असतात. मग मशिदीच्या भोंग्यातून तो आवाज निघतो. आधी पाण्यासारखा खालून खालून वाहतो, मग अलगद वर उचलला जातो, आणि पलीकडच्या काठावरच्या रबराच्या बागेत जाऊन विरतो. तो विरला की गावभर एकदम पाणी प्यायल्याचे आवाज येतात.

पाक योपचं खरं नाव मेओर झैनुरी. घरात थोरला, म्हणून योप, आणि वय झालं तसा गावाचा पाक योप. उंच, वाळका, मान बगळ्यासारखी लांब. आवाज त्या मानेतून येतो असं लोक म्हणत. तो बावीस वर्षं मशिदीचा बिलाल होता, म्हणजे पाच वेळची अजान त्याची. या माणसाला तीन गोष्टींचा गर्व होता. पहिला आवाजाचा. दुसरा मासा भाजण्याचा. रमजानात तो दुपारी कुआलाच्या बाजारात भाजायची जाळी मांडायचा आणि केळीच्या पानात गुंडाळलेला पातीन निखाऱ्यावर असा उलटायचा की पान जळे पण माशाचं पाणी आतच राही. चिमट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे, बायकोचासुद्धा. ती फक्त बांधून द्यायची.

तिसरा गर्व गाडीचा.

बाहेरून ती गाडी अगदी गरीब. फिकट निळी, चार माणसं बसली की पाचव्यानं श्वास धरून बसावं एवढीशी. पण तिच्या पोटात जपानहून आलेलं इंजिन होतं. तिकडे जुन्या गाड्या मधोमध कापतात आणि पुढचा अर्धा भाग जहाजानं आमच्याकडे येतो. कुआलाच्या फू ची वेंग मिस्त्रीनं तसल्या एका अर्ध्या गाडीतलं इंजिन काढून या निळीत बसवलं होतं, टर्बोसकट. पाय दाबला की आधी क्षणभर काहीच होत नसे, मग एक बारीक शीळ ऐकू येई, आणि मग पाठ सीटला चिकटे. बिलाल माणसाला असली गाडी कशाला, असं कुणी विचारलं की पाक योप म्हणायचा, "अजान वेळेवर व्हायला नको?"

आणि ते काही खोटं नव्हतं. बाजारात शेवटच्या अर्ध्या तासातच खरी झुंबड. लोकांना मासा गरम हवा, म्हणजे सगळे शेवटी येणार. शेवटचा पातीन उलटून पाक योप गाडीत बसायचा तेव्हा मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानीला, जेमतेम बारा मिनिटं उरलेली असत. रस्ता चौदा किलोमीटर, नदीच्या कडेकडेनं. दुसऱ्याला वीस मिनिटं लागत.

घोळ होता तो पोचल्यानंतरचा. वेंगनं इंजिन बसवलं त्या दिवशीच बजावलं होतं, "पाक योप, पळवून आणलीत की लगेच बंद करायची नाही. टर्बो आत लाल झालेला असतो. इंजिन बंद, की तेल थांबलं. थांबलेलं तेल तिथंच करपतं आणि आतला दांडा जाम होतो. दोन मिनिटं नुसती चालू ठेवा, थंड होऊ द्या, मग चावी काढा."

झालं. तेव्हापासून पाक योप मशिदीच्या अंगणात येऊन दोन मिनिटं गाडीत तसाच बसून राहायचा. चावी आत ठेवून उतरणं म्हणजे गावातल्या तरण्या पोरांना आमंत्रण. आदल्या वर्षी एकदा त्यानं मशिदीतल्या हाजी जमहारींना सांगून पाहिलं होतं की दोन मिनिटांनी तेवढी बंद करा. हाजी जमहारींनी आधी वायपर चालू केला, मग दिवे, आणि ऐन अजानीत हॉर्न.

त्या रमजानच्या चौथ्या दिवशी बाजारात शेवटी एक मोठं कुटुंब आलं. सगळ्यांना मासा हवा होता. पाक योप अंगणात शिरला तेव्हा मशिदीच्या भिंतीवरच्या घड्याळात मगरिबला एक मिनिट बाकी होतं. व्हरांड्यात आम्ही चाळीसेक माणसं खजूर घेऊन बसलेलो. वेळ झाली. गाडी घुरघुरत होती आणि पाक योप आत बसून समोर बघत होता, जणू कुणाची तरी वाट पाहतोय. आम्ही त्याच्याकडे बघतोय, तो आमच्याकडे बघत नाही. गावातल्या तीनशे घरांत लोक तोंडाशी हात नेऊन थांबलेले. एक मिनिट गेलं. मग तो उतरून पळत आत आला, आणि आवाज मात्र तसाच लागला, पाण्यासारखा.

तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजाच्या, आधी तोक नाझीरनं त्याला बाजूला बोलावलं. तोक नाझीर म्हणजे मशिदीचा कारभारी, हाजी मुस्ताकिम. निवृत्त मुख्याध्यापक. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं अजून फळ्यासमोरचं.

"योप, आज लोकांनी खजूर हातात धरून काय पाहिलं?"

"गाडी थंड करत होतो, तोक."

"गाडी थंड होईपर्यंत लोक गरम झाले. पुन्हा एकदा उशीर झाला तर उरलेला रमजान अजान हाजी जमहारी देतील."

हाजी जमहारी मागेच उभे होते. ते नम्रपणे खोकले. पाक योप तापानं पडला होता तेव्हा एकदा त्यांनी अजान दिली होती, तर नदीकाठच्या दोन घरांनी पूर आला समजून कोंबड्या माळ्यावर चढवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक योप वेंगकडे गेला. वेंग बाकावर बसून कॉफी पीत होता. पाक योपला बघून त्यानं ग्लास हळूच पान्यांच्या डब्यामागे सरकवला.

"पी रे. तुझ्या कॉफीनं माझा रोजा मोडत नाही."

"वासानं तर मोडेल. काय झालं? शीळ येत नाही का?"

"शीळ येते. नोकरी जाते." आणि त्यानं सगळं सांगितलं.

वेंगनं कपाळ खाजवलं, आत गेला, आणि धुळीनं भरलेला एक चपटा काळा डबा घेऊन आला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पुढं काच. "हा टर्बो टायमर. जपानच्या गाडीबरोबरच आलेला. चावी काढा, खिशात टाका, दार लावा, चालते व्हा. इंजिन आपलं आपण चालत राहतं, वेळ झाली की आपलं आपण बंद होतं."

"आणि हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"कारण गरज नाही." वेंग माल विकायला बसलेला असतानाही खरं बोलतो, त्यामुळे त्याचं दुकान आहे तेवढंच राहिलंय. "शेवटचे दोन किलोमीटर सावकाश या. टर्बो वाटेतच थंड होतो. मग यंत्र नको आणि थांबायला पण नको."

"सावकाश आलो तर उशीर."

"मग लवकर निघा."

"लवकर निघालो तर मासा कोण उलटवणार?"

वेंगनं डब्यावरची धूळ फुंकली. "म्हणजे बसवायचाच. बरं. फक्त गाडी न्यूट्रलला टाकायची आणि हँडब्रेक गच्च ओढायचा, नाहीतर तुम्ही अजान देत असताना ती नदीवर हातपाय धुऊन वुजू करायला जाईल. आणि आकड्यांना हात लावू नका. गाडी जशी पळेल तसं हे यंत्र स्वतःच हिशोब करतं, किती वेळ थंड करायचं ते. मी तसंच ठेवतो."

हे शेवटचं वाक्य पाक योपनं नीट ऐकलं नाही. तो चावी खिशात टाकून चालतं होण्याचा विचार करत होता.

पहिल्या संध्याकाळी तो अंगणात आला, हँडब्रेक ओढला, चावी उपसली आणि ताडताड पायऱ्या चढला. अजान घड्याळाच्या ठोक्याला. आम्ही खजूर खाल्ला, पाणी प्यायलो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाडी चालूच आहे. हाजी जमहारी खिडकीतून वाकून बघून आले.

"चावी नाही आत, नुसता एक लाल आकडा पेटलाय," ते म्हणाले.

"मग चालतेय कशी?"

"तेच म्हणतोय मी."

आमचे ऐंशी वर्षांचे तोक सेमान, त्यांनी दुरूनच दुआ पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात गाडी एकदा थरथरली आणि गप्प झाली. तोक सेमान म्हणाले, "बघितलंत?" आणि दुसरा खजूर घेतला. पाक योपनं बाहेर येऊन समजावलं तरी त्यांचं मत काही बदललं नाही.

आठवडाभर सगळं छान चाललं. पाक योपची मान आणखी लांब झाली. पण याच दिवसांत एक गोष्ट घडली, ती त्याला ठाऊक नव्हती.

आमच्याकडे रमजानात मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटं रस्ता बायकांचा असतो. या घरचं त्या घरी जातं. कुणाची केळ्याची खीर, कुणाचे तांदळाचे मोदकासारखे गोळे, वर झाकण, झाकणावर रुमाल. बायका, लेकी, सुना ताटं दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडतात. हात भरलेले, नजर ताटावर. तोक नाझीरची सून अशीच खिरीचं भांडं घेऊन निघाली होती, आणि तिच्या कानाशी ती बारीक शीळ आली. ती मागे सरली म्हणून वाचली. खीर रस्त्यावर गेली. निळी गाडी वळणाआड.

तोक नाझीरनं विचारलं तेव्हा पाक योप म्हणाला, "मी गावात शिरलो की साठच्या वर जात नाही. माझी गाडी आवाज करते, म्हणून जोरात वाटते." आणि त्याला स्वतःलाही ते खरं वाटत होतं.

 दोन दिवसांनी स्कूटरचं तेल बदलायला तोक नाझीर वेंगकडे गेले आणि सहज म्हणाले, "त्या योपच्या गाडीतला लाल आकडा कसला?"

वेंग बिचारा सरळ. "तो ना, किती वेळ थंड करायचं ते. हळू आणली तर अर्धं मिनिट दाखवतो. जितकी दामटली तितका आकडा मोठा."

त्या संध्याकाळी पाक योप अंगणात शिरला तर रंबुतानच्या झाडाखाली तोक नाझीर चष्मा लावून उभे. पाक योपनं चावी काढली. तोक नाझीर काचेशी वाकले.

"चार मिनिटं दहा सेकंद," त्यांनी शाळेतल्या निकालासारखं वाचलं.

"ते यंत्र जपानी आहे, तोक. त्याला आपले रस्ते माहीत नाहीत."

"त्याला तुझा पाय माहीत आहे. आधी अजान दे, मग बोलू."

नंतरचं बोलणं थोडक्यात झालं. अजान वेळेवर पाहिजे, आणि आकडा दोनच्या वर जाता कामा नये. दोन्हीपैकी एक चुकलं की हाजी जमहारी.

यातून वाट कशी काढावी हे पाक योपला कळेना. हळू आला तर उशीर, वेळेवर आला तर आकडा. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली काळी सोंगकोक टोपी काढून आकड्यावर ठेवली. तोक नाझीर म्हणाले, "टोपी गाडीला आणि डोकं उघडं? बिलाल कोण आहे तुमच्यात?" तिसऱ्या दिवशी काचेवर चिकटपट्टी लावली, तर लाल उजेड पट्टीतून अधिकच लाल दिसला. चौथ्या दिवशी त्यानं आकडा कमी करायला बटणं दाबली. बटणांवरची अक्षरं जपानी. यंत्र टीं टीं करायला लागलं ते अख्खी नमाज होईपर्यंत. शेवटचा सलाम फेरल्याबरोबर चाळीस माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

आणि एव्हाना रंबुतानखाली तोक नाझीर एकटे उभे राहत नव्हते. अजानीआधी दहा-बारा जण तरी असत. पैज लावणं आम्हाला निषिद्ध, म्हणून कुणी पैज लावत नसे. नुसते अंदाज करत.

"आज पावणेचार."

"छे, आज बुधवार. बुधवारी बाजार उशिरा उठतो. साडेचार धरा."

हे चाललं होतं तोपर्यंत तोक नाझीरनं दोन वेळा आकडा दोनच्या वर पाहूनही काही केलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "शुक्रवारी समितीपुढं ठेवतो." पाक योप घरी गेला. त्याची बायको रोगायाह ताटं वाढत होती. ती म्हणाली, "अहो, जेवा आधी. अजान गेली तर आवाज काही जात नाही." यावर तो जेवलाच नाही.

शुक्रवारी मशिदीत खिमटाचा दिवस. अंगणात मोठा हंडा चढतो, तांदूळ, मांस, नारळाचं दूध आणि मसाला, आणि पुरुष आळीपाळीनं दोन तास ढवळतात. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गावभर वाटायचं. दुपारी अडीचला गॅस संपला. हंडा थांबला तर तांदूळ कच्चे राहणार, आणि तीनशे घरांना अर्धकच्चं खिमट. दुसरी टाकी कुआलाला. तोक नाझीरची स्कूटर त्या कामाची नव्हती. अंगणात एकच चारचाकी होती.

"चावी दे," तोक नाझीर म्हणाले.

पाक योपनं दिली. "पहिल्या दुसऱ्या गिअरला जपून, तोक. मागून ढकलते."

"मी तुझ्या आधीपासून गाडी चालवतोय."

ते गेले. आम्ही ढवळत राहिलो. हंड्यातली उरलीसुरली ऊब संपत आली होती, आणि ते परत आले. इतक्या लवकर ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी शिस्तीत हँडब्रेक ओढला, चावी काढली, टाकी उतरवायला हाक मारली. आणि मग त्यांना आठवलं. ते झटकन काचेपुढं उभे राहिले, पण हाजी जमहारी दुसऱ्या बाजूनं वाकलेच.

"पाच मिनिटं पन्नास," हाजी जमहारींनी वाचलं. त्यांचा आवाज एरवी कसाही असो, त्या दिवशी लख्ख आला.

हंड्यातला मोठा डाव थांबला. कुणी हसलं नाही. कांदे चिरणाऱ्या बायकांच्या बाजूनं मात्र काहीतरी आवाज झाला.

तोक नाझीर म्हणाले, "चढ आहे रस्त्याला."

नदीकाठचा रस्ता. त्याला चढ कुठला. पण आम्ही सगळे म्हणालो, "हो, चढ आहे," आणि ढवळायला लागलो.

थोड्या वेळानं तोक नाझीर पाक योपच्या शेजारी बाकावर येऊन बसले. चष्मा काढून पुसू लागले. मी हंड्याला होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मनात होतं साठनं जायचं," ते म्हणाले. "पण हंडा डोळ्यांपुढं यायला लागला. पाय माझा नव्हताच, योप. हंड्याचा होता."

"मला रोज तेच होतं, तोक."

"कळलं मला. दुपारचा रस्ता मोकळा होता, म्हणून मी इथं बसलोय. संध्याकाळी तो मोकळा नसतो." ते जरा थांबले. "आकडा आता मी विचारणार नाही. घाई असली की तो मोठा येणारच, तू असो की मी. घाईच नको. साडेसहाला बाजारातून निघ. जमत नसेल तर अजान सोड. मी रागावणार नाही. तू ठरव."

पाक योपला समिती चालली असती, ओरडा चालला असता. हे ठरवणं मात्र त्याच्या गळ्यात आलं. साडेसहाला निघायचं म्हणजे शेवटच्या झुंबडीचा मासा दुसऱ्याच्या हाती.

रोगायाहनं चिरलेल्या कांद्याचं ताट खाली ठेवलं आणि हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "चिमटा माझ्याकडे द्या."

"तुला पातीन उलटवता येत नाही."

"तेहतीस वर्षं तुम्हाला जेवू कोण घालतंय?"

"घरी तू वाफवतेस. निखारा वेगळा."

"मग करपवीन. लोक परत येणार नाहीत. तुमची अजान तर राहील." ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "की मासाच हवाय? तसं सांगा."

 त्यानं कमरेचा चिमटा काढून तिच्या हातात दिला. हे आमच्यापैकी कुणी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो बर्फवाल्याच्या टेम्पोतून आला. तो टेम्पो चाळीसच्या वर जातच नाही. गाडी रोगायाहला सामान आणायला ठेवलेली. मगरिबला वीस मिनिटं बाकी होती. पाक योप वुजू करून आला, घड्याळाखाली बसला, उठला, परत बसला. बाहेर रस्त्यावरून बायका ताटं घेऊन जात होत्या. त्यातल्या एकीनं, तोक नाझीरच्या सुनेनं, झाकलेलं भांडं व्हरांड्याच्या कठड्यावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "पाक योप, खीर. मागची सांडली होती." त्यानं भांडं दोन्ही हातांनी उचलून आत नेलं.

त्या दिवसाची अजान मी अजून ऐकतो. धाप नव्हती तीत. बावीस वर्षांत रमजानातल्या अजानीत शेवटी एक बारीकशी धाप असायची, आम्हाला वाटायचं तोच त्याचा सूर. ती गेल्यावर खालची नदी किती खोल होती ते कळलं.

रोगायाह तरावीहच्या वेळेला आली. रस्त्यावर तेव्हा चिटपाखरू नसतं, सगळं गाव मशिदीत नाहीतर घरात. ती अंगणात शिरली, हँडब्रेक ओढला, चावी काढून पर्समध्ये टाकली, आरशात बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि बायकांच्या दारानं आत गेली. मासा सगळा खपला होता, रिकामी टोपली मागच्या सीटवर दिसत होती. रंबुतानखालच्या लोकांनी सवयीनं काचेत बघितलं. सहा मिनिटं वीस. तोक नाझीरही तिथंच होते. त्यांनी चष्मा गळ्यात सोडला आणि म्हणाले, "बायकांच्या बाजूचं मला काही दिसत नाही. चला, नमाजला."

ईदनंतर पाक योप वेंगकडे गेला. वेंगचा कॉफीचा ग्लास या खेपेला बाकावर उघड होता, आणि दुसराही पुढं आला.

"तो टायमर काढून टाक," पाक योप म्हणाला. "आता मी सावकाशच येतो. तू म्हणालास ते खरं. गरज नाही."

वेंगनं ग्लास खाली ठेवला. पाना उचलला नाही.

"काढ की."

"काढला असता," वेंग म्हणाला. "पण परवा तुमच्या मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, टायमरला हात लावायचा नाही. आणि विचारत होत्या, याहून मोठा टर्बो बसतो का."